पत्ता हरवलेले संकेतस्थळ

कोणत्याही अर्जाच्या अखेरच्या दिवशी सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या सेवा केंद्रात डोकावले, तर एक वाक्य हमखास कानी पडते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ केंद्रचालक ते सवयीने उच्चारतो आणि रांगेतील शेतकरी ते विधिलिखित मानून माघारी वळतो. जत तालुक्यातील एखाद्या वाडीवरून किंवा पाटणच्या डोंगरातून जो माणूस सातबाऱ्यासाठी, पीकविम्यासाठी किंवा मुलाच्या प्रवेश अर्जासाठी खाली उतरतो, त्याचे एस.टी.चे भाडे आणि एक दिवसाची मजुरी त्या तीन शब्दांत बुडते. मुदत संपली, तर वर्षही बुडते. एवढे मोल असलेले वाक्य खरे आहे की नाही, हे तपासण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही.

वस्तुस्थिती अशी की, ‘सर्व्हर डाऊन’ या एकाच शब्दाखाली आज अनेक निरनिराळे आजार झाकले जातात. कधी यंत्रावर खरोखरच भार असह्य झालेला असतो. कधी वीज किंवा तारच गेलेली असते. आणि पुष्कळदा यंत्र सुस्थितीत, तार सुस्थितीत, वीज आहे, तरीही संकेतस्थळ उघडत नाही. कारण त्याचा पत्ता सांगणारा मधला दुवा मुका झालेला असतो. हा तिसरा आजार ओळखायला सोपा आणि बहुधा घरच्या घरी बरा होणारा आहे. त्याच्याविषयीचे अज्ञान मात्र सुशिक्षित मध्यमवर्गातही सार्वत्रिक आहे.

हा दुवा समजून घ्यायचा तर दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या टपालखात्याने हाच प्रश्न अर्ध्या शतकापूर्वी सोडवला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड देशात सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, अपुरे आणि चुकलेले पत्ते या साऱ्यातून टपाल वाट काढत होते. बोरगाव वाळवा तालुक्यातही आहे आणि सातारा तालुक्यातही. नुसते ‘बोरगाव’ लिहिलेले पत्र कोणत्या थैलीत टाकायचे? अंक आला आणि प्रश्न मिटला. माणसाला नाव लक्षात राहते, यंत्रणेला अंक लागतो, ही विभागणी त्या योजनेच्या मुळाशी होती.

अंकांची आणखी एक मौज आमच्या या दोन जिल्ह्यांत पाहायला मिळते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन ‘दक्षिण सातारा’ निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे ‘सांगली’ असे नामकरण झाले. पिनकोडाने मात्र ही जिल्ह्याची सीमा मानलेली नाही. सांगली शहराचा क्रमांक ४१६४१६, मिरजेचा ४१६४१०. पण त्याच जिल्ह्यातील विट्याचा ४१५३११, म्हणजे साताऱ्याच्या ४१५००१ आणि कऱ्हाडच्या ४१५११० या क्रमांकांच्या कुळातला. ज्या इस्लामपूरला ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला, त्याचा ४१५४०९ हा क्रमांकही त्याच कुळातला. टपाल ज्या वाटेने जाते, त्या वाटेवरून क्रमांक ठरतो. जिल्ह्याच्या नकाशाशी त्याला कर्तव्य नाही. नाव बदलले म्हणून घर हलत नाही, तसा क्रमांकही बदलत नाही. उलट घर हलले आणि पाटी तीच राहिली, तर नव्या जागेचा अंक कोणीतरी नोंदवावा लागतो. महाजालाचे सारे दुखणे या नोंदीत आहे.

संगणकांचे जाळे लहान होते तेव्हा ही नोंद एकाच यादीत मावत असे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एक यादी ठेवली जाई आणि जाळ्यातील प्रत्येक संगणक तिची प्रत उतरवून घेई. यंत्रे वाढली, तशी ती पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी विभागलेल्या नोंदवहीची रचना मांडली. तीच ‘डोमेन नेम सिस्टिम’, अर्थात डीएनएस. आज आपण संकेतस्थळाचे नाव टंकित केले की, आपले यंत्र प्रथम इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंद-सेवकाला पत्ता विचारते. त्याला ठाऊक नसेल, तर तो मुळाशी जातो. मूळ सांगते, ‘डॉट इन’ची वही अमुक ठिकाणी आहे. ‘डॉट इन’ सांगते, शासकीय नावांची वही तमुक ठिकाणी आहे. असे दारोदार विचारत अखेर एक अंक हाती येतो. तलाठ्याने मंडल अधिकाऱ्याकडे आणि मंडल अधिकाऱ्याने तहसीलदाराकडे पाठवावे, तसा हा प्रकार. फरक इतकाच की, हा सारा फेरा पापणी लवण्याच्या आत पुरा होतो.

प्रत्येक वेळी एवढा फेरा नको, म्हणून मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवले जाते. तो काळ काही मिनिटांचा असू शकतो किंवा दोन दिवसांचाही. यातूनच ते कोडे उद्भवते, जे अनेकांनी अनुभवलेले असते. एकाच वाड्यात वरच्या मजल्यावर संकेतस्थळ उघडते, तळमजल्यावर उघडत नाही. मोबाईलवर दिसते, घरातल्या फायबरवर दिसत नाही. दोघांनी दोन वेगळ्या नोंद-सेवकांना विचारलेले असते. एकाजवळ ताजा पत्ता असतो, दुसऱ्याजवळ शिळा, किंवा दुसरा त्या क्षणी बंदच असतो. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणणाऱ्याने एवढी एकच गोष्ट करून पाहावी. तेच संकेतस्थळ दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवर, वाय-फाय बंद करून, उघडावे. तेथे ते उघडले, तर सर्व्हर जिवंत आहे आणि आजार वाटेतला आहे. रांगेतील माणसांना घरी पाठवण्याचे मग कारण उरत नाही. त्या मोबाईलचेच हॉटस्पॉट केंद्राच्या संगणकाला जोडले की काम पुढे चालते. दुसऱ्या कंपनीचे एक स्वस्त सिमकार्ड खणात ठेवण्याइतका हा उपाय साधा आहे.

पडद्यावरचा संदेशही बरेच सांगून जातो. तो वाचण्याऐवजी आपण खिडकी बंद करतो, हा आपला दोष. ‘सर्व्हरचा पत्ता सापडला नाही’ अशा अर्थाचे वाक्य असेल आणि खाली ‘डीएनएस’ ही अक्षरे असतील, तर दुखणे नोंदवहीचे. ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा दिसला, तर आपण दारापर्यंत पोहोचलो आहोत, घरातच गोंधळ आहे. तेथे आपल्या हाती वाट पाहण्यावाचून काही नाही. नुसतेच चक्र फिरत राहिले, तर वाट तुंबलेली असावी. ताप मोजल्याशिवाय औषध देऊ नये, एवढे तर प्रत्येक घरातल्या आजीला कळते.

वहीचेच दुखणे ठरले, तर काय करावे? आधी सर्वांत साधे. नावाच्या आधी तीन डब्ल्यू लावून पाहावे किंवा असल्यास काढून पाहावे. ही दोन वेगळी नावे असतात आणि काही शासकीय संकेतस्थळांची यांपैकी एकाचीच नोंद केलेली असते. मग मोबाईल क्षणभर विमान-स्थितीत टाकून परत आणावा, राऊटर बंद करून चालू करावा. संगणकात साठलेली शिळी उत्तरे पुसण्यासाठी विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ची एक ओळीची आज्ञा असते; केंद्रचालकाने ती भिंतीवर लिहून ठेवली, तर बिघडणार नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर नोंद-सेवक बदलावा. गूगलने २००९ मध्ये ८.८.८.८ या अंकावर, क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये १.१.१.१ या अंकावर आणि स्वित्झर्लंडहून चालणाऱ्या क्वाड-नाईनने ९.९.९.९ या अंकावर सर्वांसाठी खुली सेवा ठेवलेली आहे. संगणकाच्या किंवा राऊटरच्या जोडणीत हे अंक भरता येतात. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आहे. तेथे अंकाऐवजी सेवेचे नाव लिहावे लागते.

येथे एक खोच आहे. जाहिराती रोखण्यासाठी अनेक तरुण याच जागी कुठले तरी नाव कधीतरी भरून ठेवतात आणि विसरतात. ती सेवा बंद पडली की, फोनवर पूर्ण नेटवर्क दिसते, पण काहीच उघडत नाही. मग दुकानदार फोनच बदलायला सुचवतो. महाविद्यालयातील किंवा स्थानकावरील वाय-फायचे नोंदणीचे पान न उघडण्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. ती सोय ‘स्वयंचलित’वर आणली की फोन पुन्हा बोलू लागतो. नवा फोन घेण्यापूर्वी ही जागा तपासलेली बरी!

काही उत्साही मंडळी याही पुढे जातात. संकेतस्थळाचा अंक शोधून तोच टंकित करावा, म्हणजे वहीची गरजच नको, असे त्यांना वाटते. पूर्वी ते चालत असे. आज एकाच अंकावर शेकडो संकेतस्थळे बिऱ्हाड करून असतात. इमारतीच्या दारात उभे राहून नाव न सांगता ‘आत घ्या’ म्हटल्यासारखे ते होते. शिवाय सुरक्षेचे प्रमाणपत्र नावाला दिलेले असते, अंकाला नव्हे. त्यामुळे ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो. ती पाटी ओलांडून पुढे जाण्याची सवय लावून घेणे हा उपाय नव्हे, तो नवा रोग आहे. संगणकातील ‘होस्ट्स’ नावाच्या फायलीत नाव आणि अंक लिहून ठेवण्याची पद्धत अजून चालते. ती त्या १९८३ पूर्वीच्या यादीचीच शिल्लक खूण. अडल्या वेळी जाणकाराने ती जरूर वापरावी. पण काम होताच ती ओळ पुसावी. न पुसल्यास सहा महिन्यांनी संकेतस्थळ नव्या जागी गेले की, सगळ्या जगाला ते दिसते आणि त्या एका संगणकाला दिसत नाही. मग पुन्हा ‘सर्व्हर डाऊन’!

हे उपाय हाती घेताना सावधगिरीचा विचारही करायला हवा, कारण वही बदलणे म्हणजे वाटाड्या बदलणे. वाटाड्याच लबाड असेल तर? ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या विषाणूने जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांच्या जोडणीत आपला खोटा नोंद-सेवक घुसवला होता. २०११ मध्ये इस्टोनियातील टोळी पकडली गेली. पण रुग्ण इतके होते की, त्यांचे इंटरनेट एकाएकी तुटू नये म्हणून अमेरिकेच्या तपास यंत्रणेला जुलै २०१२ पर्यंत पर्यायी सेवक चालवावे लागले. बँकेचे नाव बरोबर, पान हुबेहूब, आणि पैसे चोराच्या घरी, असे या मार्गाने घडू शकते. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की, नोंद-सेवकाच्या साठ्यात बाहेरून खोटे उत्तर पेरता येते. त्यानंतर उत्तरांवर अंकीय सही करण्याच्या कामाला वेग आला आणि १५ जुलै २०१० रोजी मूळ नोंदवहीवर तशी सही झाली. तेव्हा अनोळखी माणसाने सांगितलेला, समाजमाध्यमावर फिरत आलेला कुठलाही अंक यंत्रात भरू नये. ‘संकेतस्थळ उघडत नाही, हे ॲप टाका’ असा सल्ला देणाऱ्याकडे तर संशयानेच पाहावे.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. जो पत्ता सांगतो, त्याला आपण कोणाच्या दारी गेलो ते कळते. घरातील कोणाला कोणता आजार आहे, कोणत्या बँकेत खाते आहे, मुलगी कोणत्या परीक्षेला बसते, हे सारे नावांच्या यादीवरून ताडता येते. आपल्या पुरवठादार कंपनीला हे आजही कळते. नोंद-सेवक बदलला की ते परदेशातील कंपनीच्या हाती जाते. अडचणीच्या दिवशी तो मार्ग घ्यावा, यात गैर काही नाही. कायमचा तोच ठेवावा का, याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. तिसरी गोष्ट कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली किंवा न्यायालयाच्या आदेशाने काही संकेतस्थळे बंद केली जातात आणि पुरवठादार कंपन्या पुष्कळदा ती नोंदवहीतच अडवतात. ती अट चुकवण्यासाठी हे तंत्र वापरणाऱ्यांचा कैवार येथे घेतलेला नाही. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटरवर बंदी आली तेव्हा लोकांनी ८.८.८.८ हा अंक भिंतींवर रंगवला होता. भिंती रंगवणाऱ्यांच्या भावना काहीही असोत, सरकार आणि कायदा यांच्याशी भांडण्याची जागा न्यायालय आणि लोकसभा ही आहे.

वहीचे हे दुखणे केवळ आपल्याकडचे आहे आणि ‘तिकडे’ सारे सुरळीत असते, असा समज असेल, तर तोही दूर व्हावा. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री सव्वानऊच्या सुमारास व्हॉट्सॲप आणि फेसबुक सहा तास मुके झाले, ते देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे. तिने कंपनीच्या जाळ्याकडे जाणाऱ्या वाटाच मिटवल्या आणि तिचे नोंद-सेवक जगाला दिसेनासे झाले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीच्या नोंद-सेवकांवर, लोकांच्या घरातील कॅमेरे वगैरे उपकरणे फितवून, प्रश्नांचा मारा केला गेला आणि अमेरिकेतील नामांकित संकेतस्थळे दिवसभर अडखळत राहिली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील संगणक केंद्रात दोन स्वयंचलित कारकून एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागले आणि एका महत्त्वाच्या नावापुढचा रकाना कोरा राहिला. त्या एका कोऱ्या रकान्यापायी जगभरचे व्यवहार खोळंबले. ज्या १.१.१.१ ला आपण संकटात शरण जातो, तोही १४ जुलै २०२५ रोजी तासाभराहून किंचित अधिक काळ बंद होता. यास्तव राऊटरमध्ये दोन अंक भरायची वेळ आली, तर ते दोन निरनिराळ्या संस्थांचे असावेत. एकाच घरच्या दोन दारांना एकच कुलूप लावून सुरक्षितता येत नाही.

आता सामान्य माणसाकडून थोडे वर पाहू. नागरिकाने काय करावे हे सांगणे सोपे; पण अनेकदा नागरिकाने काहीही केले, तरी संकेतस्थळ उघडणार नसते, कारण नोंद ठेवणाऱ्यानेच हलगर्जी केलेली असते. नावाचे नूतनीकरण करायचे राहते. दोन नोंद-सेवक ठेवायचे, ते एकाच खोलीत एकाच विजेवर ठेवले जातात. जागा बदलण्यापूर्वी जुन्या उत्तराची मुदत कमी करायची असते, ती कोणी करत नाही. आणि नावांच्या रचनेत तर धरबंधच नसतो. शेजारशेजारच्या या दोन जिल्ह्यांची उदाहरणे घ्या. साताऱ्याचे संकेतस्थळ ‘सातारा डॉट गव्ह डॉट इन’, तर सांगलीचे ‘सांगली डॉट निक डॉट इन’. दोन्ही अधिकृत, दोन्ही शासनाचे. पण सांगलीकराने साताऱ्याच्या अनुकरणाने अंदाज केला, तर तो चुकण्याचीच शक्यता अधिक. सातबाऱ्यासाठी लोकांच्या तोंडी ‘महाभूलेख’ हे नाव आहे, पत्ता मात्र आता ‘महाभूमी’च्या नावाखाली आहे. अशा वेळी शोधयंत्रात नाव टाकले जाते आणि तेथे पहिल्या ओळीत कोणी तोतया बसलेला असला, तर गरीब माणूस त्याच्या हाती सापडतो. नाव एकदा लोकांच्या ओठी बसले की, ते शासनाने मोडू नये. मोडावेच लागले, तर जुन्या दाराशी नव्या घराची पाटी वर्षानुवर्षे ठेवावी.

सहकारी बँकांचा मुद्दा याहून निकडीचा आहे. तोतया बँकांना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने देशातील सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली जाण्यास सांगितले. निर्णय उत्तम, या नावाखाली बँकेखेरीज कोणालाच जागा मिळत नाही. परंतु सातारा-सांगली म्हणजे नागरी सहकारी बँकांचा मुलूख. येथील ठेवीदार वयस्क, निवृत्त शिक्षक, साखर कारखान्याचे सभासद. त्यांच्या वहीत, फोनच्या खुणेत, मुलाने लिहून दिलेल्या चिठ्ठीत जुनाच पत्ता आहे. तो न उघडल्यास त्यांना आपला पैसा बुडाला असेच वाटते. बँकांच्या बाबतीतली या भागातील लोकांची मने किती हळवी आहेत, हे सांगायला नको. पासबुकाच्या पहिल्या पानावर नवा पत्ता छापणे, शाखेच्या दारावर तो ठळक लिहिणे आणि जुने नाव दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून त्याचे शुल्क भरत राहणे, एवढे प्रत्येक संचालक मंडळाने आवर्जून करावे. शुल्क वाचवण्यासाठी सोडून दिलेले जुने नाव उद्या एखादा ठग विकत घेईल आणि ठेवीदार स्वतःहून त्याच्या दारी जातील.

या साऱ्यात परावलंबनाचा प्रश्न येतो, आणि तो भावनेच्या भरात सोडवण्याजोगा नाही. महाजालाच्या मुळाशी तेरा नाव-पत्ते आहेत. ते बारा संस्था चालवतात. त्यांपैकी नऊ अमेरिकी, उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधल्या. भारताची त्यांत एकही नाही. २०२२ मध्ये युक्रेनने ‘डॉट आरयू’ हे रशियाचे नाव मूळ वहीतून काढण्याची मागणी केली, तेव्हा ती वही सांभाळणाऱ्या आयकॅन संस्थेने नकार दिला. नकार दिला हे बरे झाले. पण मागणी होऊ शकते, हेही त्यातून कळले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे कारण पुढे होऊन नायरा एनर्जी या मुंबईस्थित कंपनीची मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी टपाल व अन्य सेवा अचानक थांबली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. ते दुखणे नोंदवहीचे नव्हते, परंतु दूर देशीच्या कळीवर आपले कामकाज अवलंबून असणे म्हणजे काय, याचा तो धडा होता.

मग भारताने आपली वेगळी मूळ वही काढावी काय? काही जणांना तसे वाटते. वेगळी वही म्हणजे वेगळे महाजाल. ज्या देशाचा संगणक उद्योग परदेशी ग्राहकांवर उभा आहे, त्याने स्वतःला कोंडून घेणे शहाणपणाचे नाही. अधिक फलदायी मार्ग कष्टाचा आहे आणि त्यावर आपण काही पावले टाकलीही आहेत. मूळ सेवकांच्या दीड हजारांहून अधिक प्रती आज जगभर ठेवलेल्या आहेत आणि त्यांतील काही भारतातील शहरांत आहेत. देशातले दळणवळण देशातच वळावे म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. २००५ पासून ‘डॉट इन’ सर्वांना खुले झाले. २०१४ मध्ये देवनागरीत ‘डॉट भारत’ आले आणि त्यात मराठीलाही स्थान मिळाले. देवनागरीतले नाव पडद्यामागे रोमन अक्षरांच्या एका विचित्र माळेत बदलूनच वहीत जाते, हा भाग वेगळा. आपली मराठी मंडळी ते नाव घेण्यात फारशी पुढे दिसत नाहीत, ही खंत मात्र नोंदवायला हवी.

किर्लोस्करवाडीच्या माळरानावर १९१० मध्ये कारखाना उभा करताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी परदेशी यंत्रांवर बहिष्कार घातला नव्हता. ती समजून घेऊन आपल्या मातीला चालेल असा नांगर बनवला होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत काच ओतणाऱ्यांनी तेच केले आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. स्वदेशीचा हा अर्थ या दोन जिल्ह्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. वारणेच्या काठावरही त्याचा प्रत्यय येतो. १९९८ मध्ये, अटलजींच्या कार्यकाळात, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा वारणा प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाला आपल्या उसाचा हिशेब गावातच कळावा, हा हेतू. संगणक जुने झाले, वीज आणि जोडणी यांचा खर्च वाढला, तेव्हा पुढे काही गावांत प्रयोग म्हणून तीच माहिती साध्या मोबाईलच्या लघुसंदेशावर देऊन पाहिली गेली आणि शेतकऱ्याचे काम अडले नाही. माहिती पोहोचवायची होती. ती कोणत्या वाटेने पोहोचते, याला तेथे दुय्यम मानले गेले. प्रत्येक सेवेला दुसरी वाट असावी, हा आग्रह आज शासकीय संकेतस्थळांच्या बाबतीत कोठे दिसतो?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या दिवसांत प्रत्येक घराला एकच आकडा हवा होता, पाणी किती फुटांवर आहे आणि कोयनेतून किती सोडले जात आहे. पुरात मनोराच बंद पडला, तर वही असून उपयोग नाही. पण मनोरा चालू आहे आणि केवळ नाव सापडत नाही, म्हणून तो आकडा अडू नये. तो लघुसंदेशावर, आकाशवाणीवर आणि ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावर त्याच वेळी मिळाला पाहिजे.

ज्या गावांत कार्यकर्ते अभ्यासिका, सेवा केंद्रे आणि रुग्णसाहित्य केंद्रे चालवतात, तेथे हे काम आजपासून सुरू होऊ शकते. गावातील दोन महाविद्यालयीन मुलांना हे ज्ञान एका दुपारी देता येईल. अर्जाच्या अखेरच्या आठवड्यात त्यांनी केंद्रात बसावे, संदेश वाचावा, दुसरे जाळे जोडून पाहावे. आणि खरोखरच सर्व्हर बंद असेल, तर वेळ व तारीख दिसेल असे पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. मुदतवाढीची मागणी ‘सर्व्हर डाऊन होता’ या तोंडी तक्रारीवर मान्य होत नाही. पन्नास गावांतून एकाच वेळेची पन्नास छायाचित्रे जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचली, तर त्यांकडे डोळेझाक करणे कठीण जाते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची शाखा प्रत्येक जिल्ह्याच्या त्या कार्यालयात असते. बंद पडलेले नाव कोणाच्या वहीतले आहे, हे त्या शाखेकडे लेखी विचारता येते आणि उत्तरही लेखीच मागावे.